कोकिहाला घाटात ट्रकला चेन चढवताना: नव्या ड्रायव्हरसाठी

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ट्रक चालवायला यायचं ठरवलेली मराठी मुलं अधूनमधून फोन करतात. बहुतेक प्रश्न लायसन्सचे आणि पगाराचे असतात. लायसन्सचं उत्तर सोपं आहे. १८ ऑक्टोबर २०२१ पासून इथे क्लास १, म्हणजे मोठ्या ट्रेलर-ट्रकच्या लायसन्ससाठी १४० तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, एअर ब्रेकही त्यातच येतात. चेनबद्दल, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्यांबद्दल, मात्र क्वचितच कोणी विचारतं. प्रशिक्षणात चेन दाखवल्या तरी त्या सपाट आवारात, दिवसाउजेडी. खरं काम पडतं ते रात्री, ओल्या बर्फात गुडघे टेकून, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना. म्हणून या एकाच विषयावर सविस्तर लिहितोय.

होप ते कॅमलूप्स हा हायवे ५, म्हणजेच कोकिहाला. होप जवळजवळ समुद्रसपाटीला, आणि तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर घाटमाथा १,२४४ मीटरवर. पॅसिफिककडून येणारी दमट हवा या डोंगरांवर चढताना थंड होते आणि सगळा ओलावा इथेच टाकते. त्यामुळे होपमध्ये पाऊस आणि वर फूटभर बर्फ, असं एकाच तासात अनुभवायला मिळतं. रस्ता बंद झाल्याची सूचना ड्राइव्ह बीसी या सरकारी वेबसाइटवर येते ती ऑथेलो, पोर्शिया, ज्युलिएट अशा नावांनी. जुन्या केटल व्हॅली रेल्वेचे इंजिनिअर अँड्र्यू मॅकुलक शेक्सपिअरचे भक्त होते, त्यांनी स्टेशनांना दिलेली ही नावं. दक्षिणेकडून उत्तरेकडे ती याच क्रमाने येतात. क्रम पाठ करून टाका, म्हणजे रस्ता तुमच्या पुढे बंद आहे की मागे, ते ऐकताक्षणी कळेल.

नियम थोडक्यात असा: डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात ११,७९४ किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या व्यावसायिक गाडीत चेन असायलाच हवी, आणि चेन-अपच्या पाटीवरचे दिवे लुकलुकत असतील तर ती चढवायलाच हवी. किती चाकांना, ते गाडीच्या प्रकारावर आणि ॲक्सलवर ठरतं. सरकारी तक्ता छापून कॅबमध्ये लावून ठेवा. घाट चढताना बॉक्स कॅन्यनला चेन चढवायची मोठी जागा आहे. तिथे निम्म्याहून अधिक बोलणं पंजाबीत ऐकू येईल. लाजू नका, जाऊन विचारा. मी जे शिकलो ते तिथल्याच जुन्या पाजींच्या शेजारी उभं राहून.

आता प्रत्यक्ष काम. जोडचाकावर बसणारी तीन पट्ट्यांची चेन, जिला सगळे ट्रिपल म्हणतात, एकट्याने उचलताना कंबर धरते. त्यामुळे ती कॅबमागच्या हुकावर कशी टांगलीय यालाच निम्मं महत्त्व आहे. गुंता झालेली चेन अंधारात सोडवणं हे चेन चढवण्यापेक्षा जास्त वेळ खातं. आधी ती जमिनीवर पूर्ण पसरा आणि टॉर्चच्या उजेडात प्रत्येक आडवी साखळी बघा. एकही पिळलेली नको. टोकाच्या हुकांची तोंडं टायरकडे नकोत, बाहेर हवीत, नाहीतर हुक टायरची कड खात राहतो. ताण देणारे कॅम बाहेरच्या बाजूला. मग चेन टायरवर टाकायची आणि दोन्हीकडे सारखी लोंबतेय ना, ते पाहायचं.

सगळ्यात अवघड आतली पट्टी. ती डोळ्यांना दिसत नाही. चाकाच्या मागून हात घालून, गाल जवळजवळ टायरला टेकवून, बोटांनीच हुक शोधावा लागतो. वर मडगार्डला चिकटलेला बर्फ नेमका याच वेळी मानेवर ठिबकतो. घाई करून एखादी कडी ढिली सोडायचा मोह इथेच होतो. सोडू नका. आत ढिलाई राहिली तर बाहेरून कितीही आवळा, चेन सरकणारच. आत अडकवली की मधली, मग बाहेरची. टायर जिथे रस्त्याला टेकलाय तिथला भाग गाडी थोडी पुढे घेतल्यावरच मोकळा होतो, तेव्हा गाडी हलवायची आणि पुन्हा उतरायचं. किल्लीने कॅम फिरवून ताण द्यायचा, वर रबरी बंजी. उरलेलं टोक तारेने बांधा. सुटं टोक फिरत राहिलं तर हवेच्या नळीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

एवढ्यावर काम संपत नाही. थोडं अंतर जाऊन सुरक्षित जागी थांबायचं आणि सगळे कॅम पुन्हा आवळायचे. चेन टायरवर बसताना ढिली होतेच. हा दुसरा थांबा टाळणारे ड्रायव्हर मी रोज बघतो आणि त्यांच्या तुटलेल्या साखळ्या पुढे रस्त्याच्या कडेला पडलेल्या दिसतात. चेनवर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत, आणि मोकळा डांबरी रस्ता लागला की पहिल्या योग्य जागी त्या उतरवायच्या.

हातमोजे कातड्याचे नकोत, ते भिजून गारठतात. रबर चढवलेले, आतून उबदार, आणि कोरडा दुसरा जोड सीटवर. कपाळावरचा टॉर्च, गुडघ्याखाली टाकायला जुनं रबरी मॅट, चमकणारं जाकीट, जादा बंजी, कॅमची किल्ली. एक हातोडाही ठेवा. तापलेल्या ब्रेकसह गाडी बर्फात उभी केली की ट्रेलरचे ब्रेक ड्रमला चिकटून गोठतात, ते ठोकून सोडवायला तो लागतो. निघताना ट्रेलरची चाकं फिरतायत ना, ते आरशात बघा, नाहीतर गाडी ती घसटत नेईल.

आपल्याकडे चालवून आलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बोरघाट किंवा कसारा उतरताना खालचा गिअर टाकून गाडी इंजिनावर धरायची सवय अंगात मुरलेली असते. सवय चांगलीच आहे, पण इथल्या ट्रकचा इंजिन ब्रेक फक्त इंजिन ज्यांना फिरवतं त्या चाकांना धरतो, ट्रेलरच्या नाही. निसरड्यावर, त्यातून गाडी रिकामी असेल तर, ती चाकं घसरतात आणि ट्रेलर मागून वळून कॅबच्या शेजारी यायला बघतो. म्हणून गिअर उतार लागण्याआधीच खाली आणा आणि इंजिन ब्रेक बंद किंवा अगदी हलका ठेवा. आणि उणे वीसपेक्षा शून्याच्या आसपासचं तापमान जास्त घातक, कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडायचं थांबलंय, असं दिसलं की तो बर्फ समजा.

चेन चढवता येणं आणि पुढे जाणं योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवा ड्रायव्हर इथेच गोंधळतो. चेनमुळे चढाला पकड मिळते. ६३,५०० किलोपर्यंत भरलेली गाडी उतारावर थांबेलच याची हमी ती देत नाही. समोर दोन ट्रक आडवे झालेत, वारा सुटलाय, पुढचं दिसत नाही, तर होपलाच थांबा. डिस्पॅचर, म्हणजे कंपनीत गाड्या पाठवणारा माणूस, फोन करेल, माल उशिरा पोचेल, काही बिघडत नाही. फेडरल नियमात स्पष्ट लिहिलंय की सुरक्षिततेला धोका असेल तर कंपनीने गाडी चालवायला सांगायचं नाही आणि ड्रायव्हरने चालवायची नाही. वाटेत अचानक हवामान फिरलं तर गाडी चालवायच्या तासांच्या मर्यादेत दोन तासांपर्यंत सवलतही मिळते, पण ती सुरक्षित जागी पोचण्यासाठी आहे, घाट मारून नेण्यासाठी नाही. नव्या माणसाला नोकरीची भीती असते, हे मला पुरतं ठाऊक आहे. तरीही नाही म्हणायला शिका.

म्हणूनच नोकरीच्या मुलाखतीत दर मैलाचा भाव विचारून झाला की आणखी चार प्रश्न विचाराच. चेन चढवण्याचा वेळ पगारात धरता का? चेन कंपनीच्या की माझ्या, आणि तुटली तर खर्च कोणाचा? पहिल्या हिवाळ्यात सोबत अनुभवी ड्रायव्हर देता का? आणि रात्री दोनला मी थांबतोय म्हणालो, तर फोन कोण उचलतं? चौथ्या प्रश्नाला अडखळणाऱ्या कंपनीत मी माझ्या भावाला पाठवणार नाही. नोकरी लागली की सप्टेंबरातच, ऊन असताना, तुमच्या ट्रकवरची प्रत्येक चेन खाली उतरवा, टायरला बसते का ते लावून बघा आणि झिजलेल्या कड्या बदलून घ्या.