सात पणत्या, एकच नियम

इन्फॉर्म ७ या प्रोग्रामिंग भाषेत जुन्या वाड्याचा एक मजकुरी खेळ (वाचत, आज्ञा टाइप करत खेळायचा) लिहीत होतो. अंधाऱ्या माजघरात सात पणत्या आणि प्रत्येकीला पेटवण्याचा वेगळा नियम. कॉपी-पेस्ट करताना देवळीतल्या पणतीच्या नियमात उंबऱ्यावरच्या पणतीचं नाव तसंच राहिलं. खेळाडू देवळीतली पेटवायचा आणि उजेड पडायचा उंबऱ्यावर! दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

शेवटी सातही नियम पुसले. आधी 'अ लॅम्प इज अ काइंड ऑफ थिंग' लिहून पणती हा प्रकारच केला आणि सातही पणत्या त्यात घातल्या. मग एकच नियम: 'इन्स्टेड ऑफ बर्निंग अ लॅम्प: नाऊ द नाउन इज लिट', म्हणजे कुठलीही पणती पेटवायला सांगितली की 'द नाउन' उजळते. खरी किल्ली 'द नाउन' या शब्दात आहे. खेळाडूनं आज्ञेत ज्या वस्तूचं नाव घेतलं, तीच तिथे येते.

एका पणतीत तेल नव्हतं. तिच्यापुरता वेगळा नियम लिहिला. जास्त नेमका नियम इन्फॉर्म आपोआप आधी तपासतं, मग तो फाइलमध्ये खाली का असेना. ही सोय मला फार आवडते. आठवी पणती आता एका ओळीत येते.