घरचा सर्व्हर वीज खातोय? आधी या चुका तपासा

घरचा सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ नुसता बसून असतो, आणि बिल वाढतं ते त्या बसून राहण्याचंच. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे अखंड चालणारा एकेक वॅट वर्षाकाठी पावणेनऊ युनिट घेतो.

म्हणून प्रोसेसरचा टीडीपी (कंपनीने दिलेला त्याचा वॅटचा आकडा) किंवा पॉवर सप्लायवरचे ६५० वॅट बघून हिशेब मांडू नका. पहिला आकडा कामाच्या ताणातला, दुसरा पुरवठ्याची कमाल मर्यादा. सॉकेटमध्ये लावायचं वॉटमीटर आणा आणि मशीन रिकामं असताना बघा. मीटर यूपीएसच्या आधी लावलंत तर यूपीएस स्वतः किती खातो तेही दिसेल.

बरेच जण प्रोसेसरचा वेग कमी करून बसतात. त्याने रिकाम्या वेळच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. काम मात्र रेंगाळतं. खरी बचत सी-स्टेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर किती गाढ झोपतो त्यात आहे. लिनक्सवर पॉवरटॉप हे वीजवापर तपासायचं साधन उघडा आणि आयडल स्टॅट्समधला पॅकेजचा, म्हणजे अख्ख्या प्रोसेसर चिपचा, रकाना बघा. तो सी२-सी३ च्या खाली (आकडा मोठा तितकी झोप गाढ) उतरतच नसेल, तर बहुधा एखादं पीसीआय एक्सप्रेस कार्ड अख्ख्या मशीनला जागं ठेवतंय. आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एएसपीएम, म्हणजे रिकाम्या कार्डांच्या जोडण्या झोपवणारी सोय, बंद आहे का पाहा. अनेक मदरबोर्डवर ते मुळातच बंद असतं. तरी फरक नाही? मग मशीन बंद करून एकेक कार्ड काढा आणि दर वेळी मीटर बघा. कंटाळवाणं आहे, पण चोर असाच सापडतो. पॉवरटॉपच्या ऑटो-ट्यूनने, म्हणजे वीज वाचवणारी सगळी सेटिंग्ज एकदम लावल्याने, यूएसबी कीबोर्ड डुलक्या घेऊ लागला तर घाबरू नका, तेवढंच सेटिंग मागे घ्या. आणि रीबूटनंतर हे सगळं पुसलं जातं, तेव्हा ते सुरुवातीलाच चालेल अशी सोय करा.

साडेतीन इंची हार्डडिस्क नुसती फिरत राहिली तरी साधारण ४ ते ६ वॅट घेते. पण दहा मिनिटं काम नसलं की डिस्क थांबवणारा स्पिन-डाउन लावायचा आणि डॉकरचे लॉग (त्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदी) त्याच डिस्कवर ठेवायचे, यात काही अर्थ नाही. डिस्क झोपते, लॉगची एक ओळ येते, पुन्हा उठते. वीज वाचत नाही, झीज तेवढी होते. लॉग, डेटाबेस आधी एसएसडीवर हलवा. डिस्कची तब्येत बघणारी स्मार्ट तपासणीही झोपलेल्या डिस्कला वगळेल अशीच लावा.

नेटवर्कमध्ये तांब्याच्या नेहमीच्या लॅन केबलवरचं १० गिगाबिट सोडून द्या. तशा एका एसएफपी प्लस मॉड्यूललाच (केबल जोडायला खाचेत बसवायचा तुकडा) २-३ वॅट लागतात, शिवाय ते चांगलंच तापतं. शेजारच्या स्विचपर्यंत डॅक केबल, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल जोडूनच येणारी आखूड केबल, पुरते.