एसडीआर वर फ्रिक्वेन्सी चुकतेय? आधी चूक कशी वागते ते बघा

नवीन आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावून सॉफ्टवेअरवर रेडिओ ऐकायचा तुकडा) लावला, पुण्या-मुंबईत ९८.३ वर मिर्ची खणखणीत लागलं की बरेच जण ट्युनिंग बरोबर आहे असं धरून चालतात आणि मग हॅम बँडवर (हौशी रेडिओवाल्यांच्या फ्रिक्वेन्सींवर) गेलं की सिग्नल भलतीकडेच. एफएम स्टेशन जवळपास २०० किलोहर्ट्झ रुंद असतं हो, त्यात पाच-सहा किलोहर्ट्झ इकडेतिकडे झालेलं कळतच नाही, त्यामुळे एफएमवरून काही ठरवू नका.

वर जाल तशी चूक वाढत असेल तर दोष क्रिस्टलचा. डोंगलमध्ये २८.८ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल (ठरावीक ठोके देणारा भाग) असतं, सगळं ट्युनिंग त्याच्यावरच चालतं, स्वस्तातल्यात ते ६० पीपीएमनेही (दहा लाखांत ६० भाग) चुकतं, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला ६ किलोहर्ट्झ आणि ४३३ ला थेट २६! डोंगल आधी वीस मिनिटं चालू ठेवून गरम होऊ द्या, थंड असताना काढलेला आकडा नंतर सरकतो. मग कॅलिब्रेट-आरटीएल हा प्रोग्रॅम वापरा, ते मोबाईल टॉवरच्या २जी सिग्नलवरून मोजतं आणि टॉवरची फ्रिक्वेन्सी एकदम पक्की असते. आधी त्यात जीएसएम ९०० (२जीचा ९०० मेगाहर्ट्झचा बँड) स्कॅन करून सगळ्यात स्ट्राँग चॅनल शोधा, मग त्याच चॅनलवर परत चालवा, शेवटी पीपीएम छापून येतो. तो एसडीआर शार्प या रेडिओ ऐकायच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रिक्वेन्सी करेक्शनला टाका, चूक दुप्पट झाली तर प्लस-मायनस उलटं करा. सारखं हेच करायचा कंटाळा आला तर सरळ टीसीएक्सओवाला (तापमान बदललं तरी न सरकणाऱ्या क्रिस्टलचा) डोंगल घ्या, माझ्या मते पैसे वसूल आहेत.

चूक सगळीकडे सारखीच असेल, समजा बरोब्बर १२५ मेगाहर्ट्झ, तर पीपीएमला हात लावू नका, एसडीआर शार्पमधला शिफ्टचा बॉक्स बघा, अपकन्व्हर्टरसाठी (खालची फ्रिक्वेन्सी वर सरकवणाऱ्या यंत्रासाठी) टाकलेला आकडा तसाच राहिलेला असतो.

एकच स्टेशन दोन-तीन ठिकाणी दिसतंय? गेन (सिग्नल किती वाढवायचा ते सेटिंग) कमी करा, ही खोटी भुतं गायब होतील. क्लिक केलं की भलतीकडे उडी मारत असेल तर स्नॅप टू ग्रिड (ट्युनिंग ठरावीक टप्प्यांवर ओढणारं सेटिंग) बंद करा.

२४ मेगाहर्ट्झच्या खाली डोंगलमधला आर८२०टी२ ट्युनर (फ्रिक्वेन्सी निवडणारी चिप) स्वतःहून जातच नाही, आरटीएल-एसडीआर ब्लॉगच्या व्ही३ डोंगलला डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये (ट्युनर वगळून सिग्नल थेट घ्यायच्या सेटिंगमध्ये) क्यू ब्रँच हा पर्याय निवडायचा, व्ही४ ला आतच अपकन्व्हर्टर आहे पण त्याचे नवे ड्रायव्हर टाकावेच लागतात, जुन्यावर ट्युनिंग गंडतंच.

आणि स्पेस स्टेशनचा १४५.८०० चा सिग्नल तीनेक किलोहर्ट्झ वर येऊन हळूहळू खाली सरकतो तो डॉप्लर (स्टेशनच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी बदललेली दिसणं) आहे, तेव्हा पीपीएम बदलू नका, फक्त ट्युनिंग त्याच्यामागे सरकवत राहा.