इव्ही (इलेक्ट्रिक गाडी) सिग्नलला उभ्या उभ्या बंद पडते? आधी छोटी बॅटरी बघा

मागच्या पावसाळ्यात पुण्यात नळ स्टॉपला सिग्नलवर माझी गाडी मेली. चार्ज ६२ टक्के, एसी चालू, वायपर चालू, स्क्रीन दोनदा लुकलुकली, असतील नसतील तेवढे सगळे इंडिकेटर लागले आणि मग काळोख. इव्हीला इंजिनचा आवाज नसतोच, त्यामुळे ती बंद पडलीय हे मला मागच्या बसवाल्याने हॉर्न मारून सांगितलं. वर्कशॉपवाला फोनवरच म्हणाला, "मोठा पॅक उघडावा लागेल", आणि माझ्या पोटात गोळा. शेवटी निघालं काय तर १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्हची पट्टी ढिली आणि बॅटरीही दमलेली.

इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. इव्हीत दोन बॅटऱ्या असतात. खाली तीन-चारशे व्होल्टचा पॅक, जो मोटर चालवतो, आणि बॉनेटखाली बहुतेक गाड्यांत साधी १२ व्होल्टची, जिच्यावर स्क्रीन, लॉक, लाइट, सगळे कॉम्प्युटर आणि मुख्य म्हणजे कॉन्टॅक्टर चालतात. कॉन्टॅक्टर म्हणजे मोठ्या पॅकला गाडीशी जोडणारे रिले (करंटवर चालणारे स्विच). छोटी बसली की ते सुटतात, मग पॅक फुल असला तरी उपयोग शून्य. आणि हे थांबल्यावर किंवा अगदी हळू असतानाच का होतं, तर जागच्या जागी स्टिअरिंग वळवलं की पॉवर स्टिअरिंग जोरात करंट ओढतं, त्यात पंखा, वायपर, हेडलाइट, आणि दमलेल्या बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्यात खाली येतं.

रस्त्यात झालं तर आधी हॅझर्ड लावा आणि पाय ब्रेकवरच ठेवा, कारण बटणवाला हँडब्रेक करंटशिवाय लागेलच असं नाही. उतरायच्या आधी कोणाला तरी चाकाखाली दगड लावायला सांगा. गाडी 'पी'मध्ये (पार्किंगच्या गिअरमध्ये) अडकली असेल तर धक्का मारत बसू नका, हलणार नाही.

मग बघा ती खरंच मेलीय का नुसतं 'रेडी' (गाडी चालायला तयार असल्याचा मोड) गेलंय. बऱ्याच गाड्यांत बेल्ट काढून दार उघडलं किंवा 'पी'मध्ये बराच वेळ उभी राहिली की ती आपोआप रेडीतून बाहेर पडते. तसं असेल तर ब्रेक दाबून स्टार्ट, विषय संपला. खरंच मेली असेल तर बंद करा, चावी घेऊन लांब जा, लॉक होत असेल तर करा आणि दहा मिनिटं चहा प्या, तोपर्यंत कॉम्प्युटर झोपतात. परत स्टार्ट करताना कान द्या. एकदोनदा ठाम 'टक' आलं तर कॉन्टॅक्टर बसले, पण 'टकटकटकटक' असं थंडीत दात वाजल्यासारखं वाजलं तर छोटी बॅटरी संपलीय असं धरून चाला.

घरी आल्यावर मल्टीमीटर काढा, साधा स्वस्तातलाही चालतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत छोट्या बॅटरीच्या दोन टोकांवर १२.४ ते १२.७ पाहिजे, १२ च्या खाली म्हणजे बॅटरी उतरली. मग गाडी रेडीत टाका, आकडा साधारण १३.५ ते १४.५ वर चढला पाहिजे (काही गाड्या बॅटरी भरल्यावर १३ च्या आसपास ठेवतात, ते चालतं). रेडीतही १२.३, १२.२ असा घसरतच असेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही, पॅकमधून छोटीला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज गेलाय, ते काम वर्कशॉपचंच.

आता माझी सापडलेली गोष्ट. रेडीत लाइट आणि एसी लावून मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्यावरच्या पट्टीवर ठेवा. जवळजवळ शून्य यायला हवं. माझ्याकडे ०.८ दाखवत होतं, म्हणजे तेवढं व्होल्टेज त्या सांध्यातच जात होतं! गाडी बंद केली, १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह काढली, आत पांढरी-हिरवी पावडर. पॉलिश पेपरने घासलं, पट्टी परत घट्ट बसवली, वरून व्हॅसलीन. बॅटरी पण तीन वर्षांची होती म्हणून पुढच्या आठवड्यात बदलून टाकली. पार्किंग मोडवाला डॅशकॅम थेट बॅटरीला जोडला असेल तर तो पण काढून बघा, रात्रभर तोच पितो.

१२ व्होल्ट ठणठणीत, स्क्रीन जिवंत, तरी 'डी' (पुढे जायचा गिअर) लागत नाही, तर प्रकरण वेगळं. पाण्यातून गाडी काढल्यावर असं झालं आणि स्कॅनरवर (गाडीचे फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) पी०एए६ कोड आला तर इन्सुलेशनचा फॉल्ट आहे, म्हणजे मोठ्या पॅकचा करंट बॉडीत गळत असू शकतो, पॅकच्या नारिंगी केबलला हात सुद्धा लावायचा नाही, सरळ फोन करा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक असेल आणि १५ टक्के दाखवून अचानक पॉवर जात असेल तर बरेचदा टक्केवारीच चुकलेली असते, स्लो चार्जरवर सलग १०० पर्यंत भरा आणि नंतरही थोडा वेळ लावून ठेवा.

जंप (केबल लावून उसना करंट) द्यायचा तर दुसऱ्या बॅटरीवरून आपल्या छोटीला देता येतो, मॅन्युअलमधली जागा बघून. आपल्या इव्हीवरून दुसऱ्याच्या डिझेल गाडीला मात्र देऊ नका, शेजारी कितीही ओळखीचा असला तरी. आणि टो करायला फ्लॅटबेडच मागवा, कारण मोटरची चाकं रस्त्यावर फिरली तर मोटर करंट तयार करते. दोरी घेऊन आलेल्याला गोड बोलून परत पाठवा.