नव्या यंत्रणेची स्वीकृती चाचणी: करार करताना या चुका टाळा

नवी यंत्रणा बसवून झाली, दिवे लागले, पडद्यावर आकडे हलू लागले, की सगळ्यांनाच सही करण्याची घाई होते. पुरवठादाराला बिल काढायचे असते, खरेदीदाराच्या व्यवस्थापकाला वरिष्ठांना ‘काम झाले’ असे कळवायचे असते, आणि करारातले स्वीकृती चाचणीचे, म्हणजे यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते का हे तपासून मगच ती स्वीकारण्याचे, कलम त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीतरी उघडून वाचतो. माझ्याकडे असे करार बहुतेक वेळा त्यानंतर येतात, म्हणजे पत्रापत्री सुरू झाल्यावर. यंत्रणा तेवढ्या बदलतात, कधी पंप असतो, कधी सर्व्हर, कधी माल वर्गीकरणाचा पट्टा. चुका मात्र त्याच असतात, आणि त्यांपैकी दोन चुकांबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण बाकीच्या सगळ्या मिळून होत नाही इतके नुकसान या दोघी करतात.

‘समाधानकारक’ हा शब्द आणि अर्धवट आकडा

‘यंत्रणा समाधानकारकरीत्या कार्यरत असल्याचे आढळल्यास ती स्वीकारण्यात येईल’ हे वाक्य मी इतक्या करारांत वाचले आहे की आता ते दिसले की माझी पेन्सिल आपोआप उचलली जाते. समाधान कोणाचे, किती वेळ चालल्यावर, कोणत्या भाराखाली, याचे उत्तर त्या वाक्यात नसते. वाद झाला की पुरवठादार म्हणतो यंत्रणा चालते आहे, खरेदीदार म्हणतो मला समाधान नाही, आणि दोघेही त्या वाक्याकडे बोट दाखवू शकतात.

मात्र आकडा लिहिला म्हणजे काम झाले असे समजणारे नवशिके मला जास्त त्रास देतात. एका माल वर्गीकरणाच्या पट्ट्याच्या करारात ‘ताशी ६,००० नग’ असा स्वच्छ आकडा होता आणि आम्ही खरेदीदाराच्या बाजूने निर्धास्त होतो. चाचणीच्या दिवशी पुरवठादाराने एकाच मापाची, एकाच वजनाची, ताठ पुठ्ठ्याची रिकामी खोकी आणली. प्रत्येकावर कोरे करकरीत बारकोड, तेही नेमके एकाच जागी चिकटवलेले. २० मिनिटांत २,१०० खोकी पट्ट्यावरून गेली, ताशी ६,३०० चा हिशेब निघाला आणि प्रमाणपत्रावर सही झाली. पुढच्या आठवड्यात खरा माल आला: अर्धवट भरलेल्या मऊ पिशव्या, सुरकुतलेली लेबले, एका बाजूला कलंडणारी लांबट पार्सले. पट्टा ताशी ४,००० च्या पुढे काही केल्या जाईना. पुरवठादाराने शांतपणे करार पुढे केला. नग म्हणजे नग. कोणता नग, हे आम्ही कुठेही लिहिले नव्हते. त्याने काही लबाडी केली असे मी आजही म्हणणार नाही, कारण लिहिलेली अट त्याने पूर्ण केली होती. शेवटी बाजूने वाचणारा दुसरा स्कॅनर आम्हाला स्वतःच्या खर्चाने बसवावा लागला.

तेव्हापासून मी आकडा एकटा कधीच लिहीत नाही. त्याच्यासोबत भार, कालावधी, मोजण्याचे साधन आणि सूट (आकड्यापासून किती फरक चालेल) या चार गोष्टी त्याच परिच्छेदात असल्या पाहिजेत, असा माझा हट्ट असतो. पट्ट्याचेच उदाहरण घेतले तर चाचणीचा माल खरेदीदार आदल्या दिवसाच्या नेहमीच्या मालातून उचलेल, चाचणी सलग चार तास चालेल, हाताने सोडवावा लागलेला नग मोजणीत धरला जाणार नाही, आणि न वाचता आलेल्या लेबलांचे प्रमाण अमुक टक्क्यांच्या वर गेल्यास चाचणी नापास समजली जाईल, असे चार ओळींत लिहिता येते. यासाठी वकील लागत नाही. पट्ट्याजवळ एक दिवस उभा राहिलेला माणूस लागतो.

सूट किती, हा प्रश्न तर बहुतेकांना सुचतच नाही. पंपांच्या जलीय कामगिरीच्या स्वीकृती चाचणीसाठी आयएसओ ९९०६ हे मानक आहे आणि त्यात वेगवेगळ्या श्रेणी आहेत. १बी या श्रेणीत हमी दिलेल्या प्रवाहात ५ टक्के आणि शीर्षात, म्हणजे पंप पाणी जितक्या उंचीवर चढवतो त्यात, ३ टक्के इकडेतिकडे चालते. २बी श्रेणीत हीच सूट अनुक्रमे ८ आणि ५ टक्के होते. करारात नुसते ‘आयएसओ ९९०६ प्रमाणे चाचणी’ असे लिहून श्रेणी गाळली, तर खरेदीदाराच्या मनातला पंप आणि पुरवठादाराच्या मनातला पंप वेगळे असू शकतात, आणि दोघेही मानकाचेच नाव घेत राहतात. मानकाचे नाव लिहिल्याने अभ्यास केल्यासारखे वाटते, हाच त्यातला धोका आहे.

वापर सुरू केला म्हणजे स्वीकारले

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, म्हणून ती जास्त बोचते. एका गोदामाच्या साठा नोंदणीच्या प्रणालीचा करार पुरवठादाराच्या मसुद्यावर झाला. त्यात एक कलम होते: ‘खरेदीदाराने प्रणालीचा व्यावसायिक वापर सुरू केल्यास ती स्वीकृत झाल्याचे मानले जाईल.’ मी ते वाचले होते. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरे आहेत, हे मला नंतर सर्वांसमोर दाखवण्यात आले.

चाचणीचे तीन भाग ठरले होते. नोंदींची अचूकता आणि एकाच वेळी काम करणाऱ्यांचा भार हे दोन भाग पार पडले. बॅकअपमधून सगळी माहिती ४ तासांत परत उभी करण्याचा तिसरा भाग पुढच्या आठवड्यावर ढकलला गेला. मधल्या शुक्रवारी रात्री जुन्या प्रणालीचा सर्व्हर बसला. गोदाम प्रमुखाने त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच केले: नवी प्रणाली चालत होती, ती सुरू केली आणि शनिवारचा माल वेळेवर बाहेर काढला. दहाव्या दिवशी पुरवठादाराचे दोन परिच्छेदांचे पत्र आले. व्यावसायिक वापर सुरू झाला असल्याने प्रणाली त्या शुक्रवारी स्वीकृत झाली आहे, हमीचा कालावधी त्याच तारखेपासून मोजला जाईल आणि राखून ठेवलेली १५ टक्के रक्कम अदा करावी. आम्ही तिसरी चाचणी घेतली तेव्हा माहिती परत उभी राहायला १९ तास लागले. उत्तर आले की हमी दोषांसाठी आहे आणि हा दोष नसून वेग आहे. वेगाची अट स्वीकृती चाचणीच्या परिशिष्टात होती, आणि ते परिशिष्ट स्वीकृतीबरोबर संपले. पैसे द्यावे लागले.

यावरून मानीव स्वीकृतीचे कलम काढूनच टाका असा सल्ला कोणी दिला तर मी तो मानणार नाही. पुरवठादाराने यंत्रणा तयार ठेवायची आणि खरेदीदाराने महिनोन्‌महिने चाचणीला जागा, वीज किंवा माणूस द्यायचा नाही, हेही मी पाहिले आहे, आणि अशा वेळी पुरवठादाराला लटकवून ठेवणे अन्यायाचे असते. अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, म्हणजे फिडिकचे, १९९९ चे यंत्रसामग्रीसाठीचे नमुना करार या बाबतीत वाचण्यासारखे आहेत. खरेदीदाराच्या बाजूच्या कारणाने चाचण्या १४ दिवसांपेक्षा जास्त अडल्या, तर काम ताब्यात घेतल्याचे तिथे मानले जाते. त्याच वेळी चाचणीचाच भाग म्हणून केलेले प्रायोगिक चालन हे ताबा घेणे ठरत नाही, असेही त्याच करारात वेगळे सांगितले आहे. आमच्या करारात मानीव स्वीकृती होती, ही दुसरी गोष्ट मात्र नव्हती.

आता माझी सवय अशी आहे की मानीव स्वीकृती फक्त मुदतीशी जोडायची, वापराशी नाही. पुरवठादाराने तयारीची लेखी सूचना दिल्यावर इतक्या दिवसांत खरेदीदाराने चाचणी घेतली नाही, तर पुरवठादाराने एक स्मरणपत्र द्यायचे, आणि त्यानंतरही हालचाल झाली नाही तरच यंत्रणा स्वीकृत मानायची. तातडीच्या वापरासाठी एक वेगळे वाक्य असते: लेखी कळवून केलेला वापर हा चाचणीसाठीचा वापर समजला जाईल आणि त्यामुळे उरलेल्या चाचण्या रद्द होणार नाहीत. त्या पत्राचा नमुनाही मी परिशिष्टातच छापून घेतो आणि जागेवरच्या प्रमुखाला देऊन ठेवतो, कारण सर्व्हर बसतो तेव्हा करार वाचायला कोणालाही वेळ नसतो.

गप्प बसणे

चाचणीत काही खुपले, पण ‘नंतर बघू’ म्हणून लिहिले नाही, ही सवय सोडावी. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा करार ज्या व्यवहारांना लागू होतो, त्यांत खरेदीदाराने शक्य तितक्या लवकर माल तपासायचा असतो आणि उणीव आढळल्यावर वाजवी वेळेत कळवायची असते. तसे न केल्यास तक्रारीचा हक्कच जातो. तोंडी कुरबुरीला सूचना म्हणत नाहीत.

सलग चालवण्याच्या चाचणीतला हिशेब

३० दिवस सलग चालवून ९९.९ टक्के उपलब्धता दाखवावी, असे लिहिणाऱ्यांनी एकदा कॅल्क्युलेटर हातात घ्यावा. ३० दिवस म्हणजे ७२० तास, आणि ९९.९ टक्के म्हणजे त्यांत एकूण ४३ मिनिटे १२ सेकंद बंद राहण्याची मुभा. ९९ टक्के लिहिले तर तीच मुभा ७ तास १२ मिनिटे होते. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा सहज टंकला किंवा सहज गाळला जातो आणि त्याबरोबर किंमतही बदलते. ठरवून केलेली देखभाल या वेळेत धरायची की नाही, वीज गेली तर घड्याळ थांबते की चालू राहते, आणि मोठा बिघाड झाल्यावर ३० दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे की उरलेलेच, ही तीन उत्तरे आधी लिहिली नसतील तर एकोणतिसाव्या दिवशीच्या बिघाडावर भांडण होणारच.

बाकीच्या, थोडक्यात

‘चाचणीची कार्यपद्धती उभयपक्षी नंतर ठरवण्यात येईल’ असे लिहू नका. आगाऊ रक्कम गेल्यानंतर उभयपक्षांपैकी एकाच पक्षाला घाई उरते. चाचणीचा तक्ता मी सहीच्या आधीच तयार करतो, त्यात अपेक्षित मूल्य भरतो आणि ‘आढळलेले मूल्य’ हा रकाना कोरा ठेवतो.

कारखान्यातली चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून जागेवरची चाचणी आखूड करू नका. प्रक्रिया उद्योगातील स्वयंचलन प्रणालींसाठी असलेल्या आयईसी ६२३८१ या मानकात कारखान्यातली चाचणी, जागेवरची चाचणी आणि इतर प्रणालींशी जोडल्यानंतरची चाचणी या तिन्ही वेगळ्या धरल्या आहेत, कारण कारखान्यात तुमची धूळ, तुमची वीज आणि तुमचे जुने यंत्र नसते.

चाचणीच्या वेळी सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती होती ते अहवालात लिहा. चाचणीनंतरच्या रात्री ‘एक छोटासा बदल’ करणारे अभियंते सगळीकडे असतात.

फेरचाचण्या किती आणि त्यांचा खर्च कोणाचा, हे ठरवा. अमर्याद फेरचाचण्या म्हणजे चाचणी नसणे. शेवटची फेरचाचणीही फसली तर नाकारायचे की किंमत कमी करून घ्यायचे, याचा निर्णय भांडणाच्या आधी, शांत डोक्याने झालेला बरा.

किरकोळ त्रुटींच्या यादीला प्रत्येक ओळीत तारीख आणि रक्कम असावी. नुसती यादी कपाटात जाते. ‘किरकोळ’ म्हणजे काय हेही लिहावे, नाहीतर काम थांबवणारी त्रुटीसुद्धा त्या यादीत बसवली जाते.

वापराची पुस्तिका, नकाशे, प्रशासकीय पासवर्ड आणि प्रशिक्षण या गोष्टी चाचणीच्या तक्त्यातच घाला. पासवर्डसाठी अंतिम बिलानंतर चार महिने विनवण्या करणारे लोक मी पाहिले आहेत.

एक शेवटची सवय, जी दिसायला क्षुल्लक आहे. चाचणीच्या अहवालाखाली सहीसाठी एकच जागा असते आणि तिथे जो हजर असतो तो सही करतो, मग तो पट्ट्याजवळचा पर्यवेक्षक का असेना. माझ्या नमुन्यात दोन वेगळ्या ओळी असतात, ‘चाचणीस उपस्थित’ आणि ‘यंत्रणा स्वीकृत’. दुसऱ्या ओळीवर सही करण्याचा अधिकार कोणाला, ते पद करारात लिहिलेले असते, आणि सगळ्या चाचण्या होईपर्यंत त्या ओळीवर मी स्वतः शाईने तिरकी रेघ मारून ठेवतो. फेरचाचणी झाली की नवा कागद काढतो. रेघ मारलेला कागदही फाइलमध्येच राहतो.