बिशपांना पत्र लिहिताय? या चुका टाळा

आमच्या मंडळीचा इंग्लंडशी चालणारा पत्रव्यवहार मी बरीच वर्षं सांभाळते आहे. मदतीला येणारी मुलं हुशार असतात, पण पाकिटावर नाव घालताना त्यांना फार घाई. जुन्या पत्राचा मायना उचलायचा, नाव बदलायचं, की झालं. घोळ तिथेच होतो.

सर्वांत जास्त घोळ सहीचा. चर्च ऑफ इंग्लंडचे बिशप सहीत आडनाव घालत नाहीत. आधी छोटासा क्रूस, मग स्वतःचं नाव, पुढे धर्मप्रांताचं नाव. जुना धर्मप्रांत असेल तर लॅटिन रूपात. कँटरबरीचे ‘कँटुआर’, यॉर्कचे ‘ईबॉर’, डरॅमचे ‘डनेल्म’, विंचेस्टरचे ‘विंटन’. आमच्या देवळाच्या शताब्दीला डरॅमहून शुभेच्छापत्र आलं होतं. मदतीला असलेल्या मुलाने सही वाचली, क्रूसाला शाईचा डाग समजला आणि आभाराच्या पाकिटावर लिहिलं, ‘मिस्टर डनेल्म’. पाकीट टपालात पडायच्या आत माझ्या हाती आलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी आधी लेटरहेड वाचते, सही नंतर. आणि पाकिटावर शक्यतो पदच घालते: ‘द राइट रेव्हरंड द बिशप ऑफ डरॅम’.

‘राइट रेव्हरंड स्मिथ’ असं नुसतं आडनाव लावू नका. रेव्हरंड हे विशेषण आहे. पूर्ण नाव हवं. समोरासमोर ‘बिशप’ एवढं पुरतं. ‘माय लॉर्ड’ आता क्वचितच ऐकू येतं. ‘युअर ग्रेस’ फक्त आर्चबिशपांना, म्हणजे बिशपांच्या वरच्या पदावरच्यांना. सफ्रगन, म्हणजे साहाय्यक बिशपही राइट रेव्हरंडच. डीन, म्हणजे कॅथेड्रलचे प्रमुख, असतील तर व्हेरी रेव्हरंड; आर्चडीकन, म्हणजे बिशपांच्या हाताखालचे वरिष्ठ पाळक, असतील तर व्हेनरेबल. 2015 पासून तिथे स्त्रियाही बिशप आहेत. पदवी तीच, उगाच ‘बिशपबाई’ नको.

दुसरी चूक मला जास्त खुपते. ‘मोस्ट रेव्हरंड’ भारदस्त वाटतं म्हणून कुणालाही चिकटवतात. इंग्लंडमध्ये ते आर्चबिशपांचं, आणि तेही गादीवर असेपर्यंत. कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स 2012 अखेर पायउतार झाले आणि पुन्हा राइट रेव्हरंड झाले. त्यांच्या नावामागे ‘राइट ऑनरेबल’ही लागतं, पण ते प्रिव्ही कौन्सिलमुळे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचे सदस्य म्हणून. कँटरबरी, यॉर्क आणि लंडन या तिघांना ते मिळतं.

आपल्याकडे तर निमंत्रणपत्रिकेवर सर्रास ‘आर्चबिशप’ छापतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालं. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले, त्यात सामील झाले, पण या चर्चमध्ये आर्चबिशप हे पदच नाही. प्रमुख असतात मॉडरेटर; मोस्ट रेव्हरंड त्यांना. मुंबईचे आर्चबिशप कॅथलिकांचे. सीएनआयचे मुंबईचे बिशप वेगळे, त्यांना राइट रेव्हरंड. दोघांची पदं एकाच पत्रिकेत उलटसुलट छापलेली मी पाहिली आहेत. पाहुण्यांसमोर कागद उलगडताना यजमानाचा चेहरा उतरतो, आणि ते मला बघवत नाही. छापखान्यात द्यायच्या आधी एक फोन धर्मप्रांताच्या कार्यालयात करा. पाच मिनिटं लागतात.

स्कॉटलंडच्या एपिस्कोपल, म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चला लिहीत असाल तर त्यातही आर्चबिशप नाहीत. त्याच्या प्रमुखांना ‘प्राइमस’ म्हणतात.