डिसेक्शनला हातापायापासूनच का सुरुवात करतात?

मेडिकलच्या पहिल्या वर्षाला डिसेक्शन, म्हणजे शवविच्छेदन करून शरीररचना शिकणं, बहुतेक ठिकाणी हातापासून किंवा पायापासून सुरू होतं, पोटाची पाळी नंतर येते. पूर्वी नेमकं उलटं होतं. इटलीतल्या बोलोन्याच्या मोंदिनो या प्राध्यापकाने 1316 मध्ये घालून दिलेला क्रम असा: आधी पोट, मग छाती, मग डोकं आणि हातपाय सगळ्यात शेवटी. जे आधी सडतं ते आधी उघडायचं, आणि साधारण चार दिवसांत सगळं उरकायचं. सुश्रुतसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, तर सडण्यालाच कामाला लावलंय: शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचं आणि मग कुंच्याने एकेक थर घासून काढत बघायचं.

1893 मध्ये फर्डिनांड ब्लूमने फॉर्मॅलिन या रसायनाचा शरीर टिकवण्याचा गुण दाखवला, त्यानंतर घाई संपली. आता सोप्या भागावर हात बसवून मग अवघडाकडे जाता येतं. शव मिळवण्याचा इतिहास मात्र काळा आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरात 1828 मध्ये त्यासाठी खूनही पडले. आज बऱ्याच ठिकाणी टेबलावर असतं ते कुणीतरी स्वेच्छेने दिलेलं शरीर.

फॉर्मॅलिन फसवतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. सगळं करडं-तपकिरी दिसतं. ॲटलासमधली (शरीररचनेच्या चित्रांच्या पुस्तकातली) लाल आर्टरी (धमनी) आणि निळी व्हेन (शीर) शोधत बसू नका, बोटांनी ओळखा. आर्टरीची भिंत जाड, दाबली तरी नळी जाणवते. व्हेन पातळ, चपटी, कधी आत गोठलेलं रक्त. नर्व्ह (मज्जातंतू) भरीव, दोरीसारखी.

मांडीच्या वरच्या त्रिकोणात बाहेरून आत नर्व्ह, आर्टरी, व्हेन हा क्रम सगळ्यांना पाठ असतो, तरी नर्व्ह हमखास हरवते. कारणं दोन. आर्टरी आणि व्हेन एका आवरणात असतात, नर्व्ह त्याच्या बाहेर. आवरण उघडून आत शोधणाऱ्याला ती सापडणार कशी? शिवाय जांघेतल्या इन्ग्वायनल लिगामेंट या पट्ट्याखाली जरा उतरली की ती फुटून तिच्या बारीक फांद्या होतात आणि नवखा त्यांना नको असलेल्या तंतूंचं जाळं समजून साफ करून टाकतो. त्याआधीही एक चूक होते: कातडीचा छेद खोल गेला की कातडीखालच्या चरबीतली ग्रेट सॅफिनस व्हेन ही पायाची लांब शीर कापली जाते. छेद कातडीपुरताच ठेवा. पुढे स्कॅल्पेल बाजूला ठेवून मिटलेली कात्री आत घाला आणि नर्व्हच्या दिशेनेच उघडा, आडवी नाही.

मोंदिनोनंतरच्या काळात प्राध्यापक खुर्चीत बसून वाचायचे, कापायचा दुसराच. वाचलं जायचं प्राचीन वैद्य गॅलेनचं मत आणि गॅलेनने चिरलेली होती माकडं-डुकरं. म्हणून माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा, हे शतकानुशतकं चाललं. इटलीतल्या पाडुआत स्वतः सुरी धरणाऱ्या वेसालियसने 1543 मध्ये ते खोडलं. आजच्या बॅचमध्येही एकजण वाचतो, एकजण कापतो, बाकीचे घड्याळ बघतात. सुरी आळीपाळीने घ्या. उठताना उघडा भाग ओल्या फडक्याने झाका. वाळलेली नर्व्ह दुसऱ्या दिवशी चिमटा लावताच तुटते.